उसनी दिलेली खेळाडू

मृणालिनी मास्टर्स करायला लिस्बनला गेली आणि तिथे तिला रग्बीचं वेड लागलं. तिथल्या विद्यापीठाचा क्लब जुना. पोहणं, व्हॉलीबॉल, सगळं चालायचं, पण नाव निघायचं ते रग्बीचं. पहिलं अख्खं वर्ष तिने राखीव म्हणून बाकावर बसून काढलं. मुलींचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला आणि शिकागोच्या सामन्यासाठी पहिल्या पंधरांत तिचं नाव लागलं, तेव्हा तिने भर रात्री शिकागोजवळच्या शॉमबर्गला फोन करून आईबाबांना उठवलं.

शनिवारी सकाळी राजीव आणि शुभा क्लबचे लाल मफलर घालून सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. शुभा हाडांची डॉक्टर, नुकतीच रिटायर झालेली. लेकीने नेमका हाच खेळ धरावा, हे तिला मुळीच पटलं नव्हतं. तरी ती आली होती.

आणि ऐन वेळी माशी शिंकली. वॉर्मअप करताना यजमान संघातल्या एका मुलीचा पाय मुरगळला. तिच्या जागी खेळायला त्यांच्याकडे कुणीच नव्हतं. मैत्रीच्या सामन्यात अशा वेळी समोरच्या संघाने आपली एक खेळाडू उसनी द्यायची, अशी रीत आहे. हवी होती कडेने धावणारी. लिस्बनकडे तशा तिघी होत्या. कर्णधार इनेसने तिघींकडे पाहिलं आणि मृणालिनीला बोलावलं.

दुसऱ्यांची हिरवी जर्सी डोक्यातून घालताना मृणालिनीचे कान तापले होते. तिघींत नकोशी होते ती मीच, एवढंच तिच्या मनात होतं. राजीव गोंधळला. त्याने बायकोला विचारलं, आता आपण कुणाच्या साइडने? शुभाने मफलर काढून पर्समध्ये कोंबला.

"मृणाच्या," ती म्हणाली.

सामना सुरू झाला आणि मृणालिनीचा राग पायांत उतरला. जिच्या शेजारी बसून रोज ट्रामने फिरायची, त्याच मैत्रिणीला तिने कमरेला मिठी मारून आडवं केलं, आणि ती उठायच्या आत पुढच्या मुलीवर झेप घेतली. हिरव्या संघातल्या मुलींना तिचं नाव नीट घेता येत नव्हतं, तरी बॉल हाती आला की त्या तिलाच शोधू लागल्या. हळूहळू राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. उरली ती नुसती मजा. ओठ फुटला होता, गुडघे सोलवटले होते, आणि इतकं छान तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

वेळ संपत आली. लिस्बन तीन गुणांनी पुढे होतं. बॉल रेषेपलीकडे नेऊन टेकवला की पाच गुण. हातोहात मागे येत येत बॉल मृणालिनीकडे आला, आणि समोर मोकळं गवत दिसलं. ती सुटली. काठावर शुभा उभी राहिली. डाव्या बाजूने इनेस तिरकी धावत येत होती. सरावात इनेसने तिला दरवेळी पाडलं होतं, कारण मृणालिनी दरवेळी कोपऱ्याकडेच पळायची. या वेळी तिने कोपऱ्याकडे दोन पावलं टाकली आणि एकदम आत वळली. इनेसचा हात जर्सीत अडकला. शिवण उसवल्याचा आवाज आला. मृणालिनी तोंडावर पडली, पण पडता पडता तिने हात लांबवला होता आणि बॉल रेषेच्या पलीकडे गवतावर टेकला होता.

शिट्टी वाजली. हिरव्या मुली तिच्या अंगावर कोसळल्या. काठावर हाडांच्या डॉक्टरीणबाई दोन्ही हात वर करून नाचत होत्या आणि राजीव त्यांचा चष्मा सांभाळत होता.

गर्दी पांगल्यावर इनेसने हात देऊन तिला उठवलं. मृणालिनीला राहवेना. तिने विचारून टाकलं, की तिघींत मी कच्ची, म्हणून मला दिलंस ना?

इनेसने लपवाछपवी केली नाही.

"हो. सकाळी मला तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "पण आता नाही. लिस्बनला परतलो की कपची मॅच आहे. त्यात तू पहिल्यापासून खेळणार. आणि तुला परत कुणालाही उसनी देणार नाही."

मृणालिनी हसायला गेली, तर फुटलेला ओठ चरचरला. तरी ती हसतच आईकडे धावली.