हात जोडून, डोळे मिटून

जळगाव जामोदच्या शाळेत प्रिंटर अडला की वैजनाथला बोलावणं यायचं. तो वायर काढून पुन्हा लावायचा, प्रिंटर चालू व्हायचा आणि वैजनाथचा स्वतःबद्दलचा आदर आणखी वाढायचा. त्याच भरात एका रविवारी त्याने घरच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवायला घेतली. दोन्ही एकाच यंत्रात सुखाने नांदतात, एवढं त्याने वाचलं होतं. पुढची चार पानं त्याने वाचली नाहीत. चार पानं वाचायची तर हुशारीचा उपयोग काय?

तासाभरात लिनक्स बसलं. लॅपटॉप बंद केला, पुन्हा बटण दाबलं आणि घरच्या रिवाजाप्रमाणे हात जोडून, डोळे मिटून त्याने कुलदेवीचं नाव अकरा वेळा घेतलं. वडील विहिरीवरची मोटर असंच करून चालू करत. डोळे उघडले तर समोर लिनक्स. पुन्हा बंद, पुन्हा हात जोडले, पुन्हा लिनक्स. विंडोजचा मागमूस नाही. आणि विंडोजमध्ये तर शारदाची गाणी होती.

शारदा म्हणजे त्याची बायको. तिची आई, गोजरबाई, साऱ्या आळीतल्या पोरींना भोंडल्यासारखी भुलाबाईची गाणी शिकवायची. शेवटच्या आजारपणात शारदाने तिच्या उशाशी बसून एकेक गाणं टाइप करून घेतलं होतं. एकेचाळीस गाणी. गोजरबाई जाऊन वर्ष झालं होतं आणि गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. प्रत काढून ठेवायचं काम वैजनाथने आपणहून अंगावर घेतलं होतं.

खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. त्याऐवजी त्याने शक्कल लढवली.

"तुझ्या आईचे गाणे म्हण बरं एकेक," तो म्हणाला. "मी नव्यात लिहून घेतो."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. भुलाबाईची गाणी सुरू झाली की हा माणूस आजवर पेपर घेऊन ओट्यावर जायचा. शारदाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पदर सावरून शेजारी बसली.

मग रोज शाळेतून आला की वैजनाथ बटण दाबायचा, हात जोडायचा आणि शारदा म्हणेल ते टाइप करायचा. चौथ्या दिवशी एका गाण्यातल्या सुनेची फजिती ऐकून तो टाइप करायचं विसरून हसला. शारदाही हसली. तिला इतकं खुशीत त्याने फार दिवसांनी पाहिलं, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सत्ताविसाव्या गाण्यावर ती थांबली.

"पुढचं मले येत नाही. आईलेच येत होतं."

आता मात्र वैजनाथचा धीर सुटला. "शारदा, तुझ्या आईचे गाणे माह्या हातून गेले. विंडोजच उडवलं मी."

शारदाने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. सवयीने वैजनाथचे हात जुळले.

"हात जोडा," ती म्हणाली, "पन डोळे उघडे ठेवा."

काळ्या पडद्यावर दोन नावं उमटली. वर लिनक्स, खाली विंडोज. खाली आकडे उतरत होते: दहा, नऊ, आठ. दहा सेकंदांत कोणी काही निवडलं नाही, तर यंत्र वरचंच नाव धरायचं. कुलदेवीच्या अकरा नावांना वीस सेकंद लागत.

शारदाने खालच्या बाणाचं बटण दाबलं. विंडोज आलं. एकेचाळीस गाणी जागच्या जागी होती.

"तुले माहीत होतं?"

"हाव. पहिल्याच दिवशी चहा घेऊन आली तवा दिसलं. तुमचे डोळे मिटेल होते."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तुम्ही गाणे आयकले असते का?"

याचं उत्तर दोघांनाही पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं. वैजनाथने सत्ताविसावं गाणं उघडलं, लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि आपले हात मांडीवर ठेवले.

"म्हण," तो म्हणाला. "आता लिहत नाही. आयकतो."