सर कधी बसलेच नाहीत

मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. खुर्चीसाठी माणसं भांडतात असं मी ऐकून आहे, पण माझ्या नशिबी आले ते आमचे सर. ते कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच आणि मी त्यांची मानाची खुर्ची. मित्रांनो, गंमत अशी की ते माझ्यावर वर्षानुवर्षं बसलेच नाहीत!

कारखान्यात नळ्या वाकवून आणि पत्रा ठोकून मला घडवलं, हिरवा रंग दिला. सर नोकरीला लागले त्याच वर्षी मीही कॉलेजात आले. तेव्हा सरांचे केस काळे होते आणि संघ सगळ्यांकडून हरत होता. सामना सुरू झाला की सरांच्या पायाला भिंगरी लागायची. रेषेच्या कडेने येरझाऱ्या, हातवारे, आरडाओरडा. माझ्या वाट्याला त्यांचा घामट टॉवेल, पाण्याची बाटली आणि पंच चुकले की पाठीवर एक दणका.

"सर, बसा ना जरा," मुली म्हणायच्या.

"तुम्ही जिंका, मग बसतो."

पुढे मुली जिंकू लागल्या. ढाली ठेवायला कपाट पुरेना. सर मात्र उभेच! त्यांची बायको, म्हणजे मुलींच्या काकू, हसून म्हणायच्या, "घरी चहासुद्धा उभ्यानेच घेतात. सोफा मी माझ्यासाठीच आणलाय."

मग गुबगुबीत नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी फाटक्या गाद्यांच्या खोलीत झाली. मला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी सर शोधत आले. शिपाई म्हणाला, "पण सर, तुम्ही तर बसतच नाही!"

"म्हणून काय झालं? खुर्ची माझीच लागते."

त्या दिवशी मी गंजलेल्या पायांवरही ताठ उभी राहिले.

बघता बघता सरांचं निवृत्तीचं वर्ष आलं. संघाची कर्णधार होती चणीने लहान, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. खेळायची झकास, पण प्रत्येक पास देण्याआधी सरांकडे बघायची. सर काकूंना म्हणाले, "मी गेल्यावर ही पोर कुणाकडे बघणार गं?" त्यांना ढालीपेक्षा हीच काळजी जास्त होती.

अंतिम सामना. आम्ही एका गुणाने मागे, वेळ संपत आलेली आणि चेंडू चिमणीच्या हातात. सरांनी ओरडायला तोंड उघडलं, मिटलं आणि ते चक्क माझ्यावर बसले! माझे सांधे करकरले. राखीव खेळाडू घाबरल्या.

"सर, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"काही नको. समोर बघा."

सवयीने चिमणीने इकडे पाहिलं. सर हाताची घडी घालून छताकडे बघत होते. ती क्षणभर गोंधळली. मग तिने मान वळवली, डावीकडे पास देण्याची हूल दिली आणि चेंडू उजवीकडच्या उंच मुलीकडे फेकला. त्या मुलीने उडी मारून तो बास्केटकडे टाकला. तो रिंगवर घुटमळला आणि आत पडला! सर असे उसळले की मी उताणीच पडले. पडल्या पडल्याही मला हसू येत होतं.

नंतर सरांनी विचारलं, "डावीकडची मोकळी होती ना गं?"

"मोकळी होती, पण दमली होती, सर. तुम्हाला इथून दिसलं नसतं."

सरांनी डोळे पुसले. "नसतंच दिसलं," ते म्हणाले. मग त्यांनी मला उचलून सरळ केलं आणि ऐसपैस बसले.

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना फरफटवू नका, उचलून ठेवा. आणि तुमच्यासाठी सतत उभं असलेलं माणूस एखाद्या दिवशी गप्प बसलं, तर घाबरू नका. त्याने तुमच्यावर भरवसा टाकलेला असतो. त्याच्याकडे एकदा बघा, आणि मग मान वळवून आपला पास आपणच द्या.