चौथी बोअर

कुंचोने दाखवलं तिथे मी तीन बोअर मारल्या आणि तिन्हींची माती स्वच्छ निघाली. निघणारच होती. गाडलेल्या टाकीतून पेट्रोल झिरपलं तर ते उताराकडे जातं, आणि हा गृहस्थ सकाळपासून मला चढावर फिरवत होता. कळत असून मी तोंड उघडलं नाही. कुंचो सहकारी शेतीचा जुना अध्यक्ष. तिथली पेट्रोलची टाकी उपटून खड्डा बुजवला त्याला बरीच वर्षं झाली, आता त्या जागेवर सूर्यफुलाच्या तेलाची गिरणी यायची होती आणि गिरणीवाल्यांना माती-पाण्याचा दाखला हवा होता. मला चार बोअरचं काम मिळालं होतं, त्यातली एक उरली होती.

उताराच्या बाजूला, कुंपणापलीकडून नेद्याल्का आजी बघत होती. तिचा नवरा रांगेल याच टाकीचा राखणदार. रोज पट्टी बुडवून पेट्रोल मोजायचा. एका वर्षी ते दर महिन्याला कमी भरायला लागलं. कुंचोने त्याला चोर ठरवून तुरुंगात पाठवलं. दोन वर्षांनी तो खंगून सुटून आला, चार वर्षं जगला आणि रक्ताच्या आजाराने गेला. गेलेल्या माणसाचा फोटो छापून फाटकावर लावायची आमच्या देशात रीत आहे, दर वर्षी त्याच तारखेला नवा कागद. रांगेलचा कागद आठवडाभर टिकत नाही. कोणीतरी फाडतं आणि आजी दुसरा लावते.

"पोरा, चौथी माझ्या अंगणात मार," ती म्हणाली.

मी सांगितलं की तिचं अंगण नकाशात नाही. शिवाय तिथे विहीर आहे. काही निघालं तर विहिरीला टाळं लागेल, तिच्या मिरच्या-टोमॅटोंना कोणी हात लावणार नाही, घर फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही.

तिने माझी बाही धरली. "मला एकोणऐंशी वर्षं झाली. मी मेले की तो कागद लावायलाही कोणी नाही. मग तो कायमचा चोर. मार रे, पाया पडते तुझ्या."

कुंचो हसला. "नेद्याल्का, आपल्याच विहिरीत घाण निघावी म्हणून नवस बोललीस की काय?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याचा राग आला आणि माझी स्वतःची लाज वाटली. मी यंत्र कुंपणापलीकडे नेलं.

दोन मीटरपर्यंत चांगली काळी माती आली. अडीच मीटरवर वास आला. साडेतीनवर माती करडी, ओली, आणि वास असा की माझे डोळे चुरचुरले. आजीने ढेकूळ उचललं, हुंगलं आणि कुंचोच्या नाकाखाली धरलं.

"घे, मोज. किती चोरलं त्याने?"

जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या, असं काहीतरी पुटपुटून तो निघून गेला. मी विहिरीतून पाण्याची बाटली भरून घेतली.

अहवाल यायला तीन आठवडे लागले. तो द्यायला मी स्वतः गेलो. माती तर वाईट होतीच, पण पाण्यातलं पेट्रोलचं विषही मर्यादेच्या कितीतरी पट होतं. आजीने विचारलं, मग चव कशी नाही लागली? एवढ्याची चव लागत नाही, मी म्हणालो. रक्ताचा आजार यानेच होतो का, हे तिने विचारलं. होऊ शकतो, म्हणालो. मग मी कशी जगले, असं तिने विचारलं.

मग तिने वाटीत पीठ घेतलं. अहवाल फाटकावर लावायचा होता, रांगेलच्या फोटोखाली. खळ करायला ती बादली घेऊन विहिरीकडे निघाली.

"आजी, ते पाणी नको," मी म्हणालो.

"चार वर्षं त्याला हेच पाजलं, बरा व्हावा म्हणून," ती म्हणाली. "कागदाला चालेल."