सतरा नंबरचं पिल्लू

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे नागपुरात आमच्या गल्लीला माहीत होतं. अमेरिकेत ते एका अख्ख्या बेटाला भोगावं लागलं.

१९८३चा जून. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरचं उजाड बेट, त्यावर हजारो कुरव, म्हणजे सीगल पक्षी, आणि पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मी. लहानपणी मलेरियावाले आमच्या घरात डीडीटी फवारून जायचे, तेच इथे कुणी कारखानदाराने वर्षानुवर्षं समुद्रात सोडलं होतं. माशांतून ते कुरवांच्या पोटात जातं आणि अंड्यातल्या नरांचे हार्मोन बिघडवतं, असा माझ्या मार्गदर्शक सरांचा संशय. तो तपासायला मी इथल्या घरट्यांतल्या चाळीस अंड्यांत डीडीटीचा थेंब टोचला होता.

सर म्हणाले, "पिल्लं तीन आठवड्यांची झाली की मार आणि उघडून बघ."

मी भांडले. कुशीला बारीक छेद घेईन, आत बघेन, टाके घालीन, पण एकही मारणार नाही. सर हसले. "एक सीझन देतो. तेवढ्यात जमवून दाखव."

म्हणजे पिल्लं जगवणं आलं. ऑपरेशनला दोन दिवस उरले तेव्हा एकतीस शिल्लक होती.

मदतीला पुण्याची नीला होती, पहिल्या वर्षाची. तिला मी आल्या दिवशीच दम दिला होता, "पक्ष्यांच्या वस्तीत उभं राहायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. माणूस दिसला की पिल्लं सैरावैरा धावतात, दुसऱ्याच्या घरट्यात शिरतात आणि शेजारी त्यांची डोकी फोडतात. एखादं मरत असलं तरी गप बसायचं."

त्या सकाळी आम्ही कापडाच्या आडोशाला बसलो होतो. सतरा नंबर, माझं लाडकं, पायात आमच्या सगळ्या पिल्लांसारखी पिवळी पट्टी, घरट्याबाहेर भटकलं. शेजारच्या कुरवाने त्याची मान धरली आणि त्याला खडकावर आपटलं. एकदा. दोनदा.

"सोड, मेल्या!" मी होडीचं वल्हं उचललं आणि धावले.

"मृणालिनीताई, बसा! अहो, खाली बसा ना!" नीला मागून किंचाळत होती.

मी त्या कुरवाचा पंख मोडला. सतरा नंबर उचललं. तोवर सगळं बेट उठलं होतं. चोचींनी माझं डोकं फोडलं, रक्त डोळ्यांत उतरलं. आणि पिल्लं पळाली. गवतातून, दगडांआडून, शेकड्यांनी. ज्या घरट्यापाशी जातील तिथे त्यांची टाळकी फुटत होती. शेवटी मी खाली बसले. आधीच बसायला हवं होतं.

अर्ध्या तासाने आवाज थांबले. पिवळ्या पट्टीची सव्वीस मेली होती.

वायरलेसवरून कळवलं, तर सर रागावलेसुद्धा नाहीत. "उन्हात खराब होतील. लगेच उघड."

मी उघडली. चौदा नर निघाले. त्यातल्या नऊ जणांच्या पोटात डाव्या बाजूला मादीसारखा अंडाशय. सरांचा संशय खरा होता, आणि त्यांना हव्या त्याच पद्धतीने मी तो खरा करून दिला होता. माझे हात कोपरापर्यंत माखले होते.

सतरा नंबर खोक्यात होतं. मानेला जखम, पण धडधाकट, खायला मागत होतं.

नीलाने माझ्या डोक्याला पट्टी बांधली. माझी समजूत घालायला बिचारी म्हणाली, "जाऊ दे ताई, ह्याला तरी वाचवलंत ना तुम्ही."

मी तिच्या थोबाडीत ठेवून दिली.