हनुवटीच्या पट्ट्याच्या वर

जावई-सासऱ्यांत नियम एकच होता. हनुवटीच्या पट्ट्याच्या खालचं सगळं जावयाचं, वरचं सगळं सासऱ्यांचं.

जावई दात बनवतो. डॉक्टर नाही. डॉक्टर माप पाठवतात, हा कवळी करून देतो. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात काय नीट बसेल याची काळजी, आणि घरी आला की खिडकीजवळच्या टेबलावर वीतभर उंचीचे सैनिक. तेही कुठलेही चालत नाहीत. महायुद्धातले अमेरिकन, विमानातून छत्री घेऊन उडी मारणारे, तेवढेच. बाकीच्या फौजांकडे तो ढुंकून बघत नाही. पुतळे बनवणाऱ्यांच्या मंडळात त्याला सगळे दातवाला म्हणतात, आणि जरा दबकूनच असतात, कारण हा माणूस चुका काढतो.

त्याच्या सैनिकाच्या कोपरावर आणि गुडघ्यावर जाड कापडाचं ठिगळ असतं, आणि ते अंगातल्या कपड्यापेक्षा वेगळ्या हिरव्या रंगाचं असतं. कारण ती ठिगळं मागाहून लावली होती. हेल्मेटच्या जाळीला पुढे मलमपट्टीची पुडी बांधलेली. उजव्या बाहीवर झेंडा, आणि झेंड्यात अठ्ठेचाळीस चांदण्या. पन्नास नाहीत, तेव्हा अठ्ठेचाळीसच होत्या.

"नखाएवढ्या झेंड्यावर कोण चांदण्या मोजतंय?" बायकोनं विचारलं होतं.

"मोजणारे येतात."

"त्यांना घरी कामं नसतात का?"

"असती तर आले असते का?"

बूट, पट्टे, बकलं, सगळं त्याला जमायचं. चेहरा तेवढा जमायचा नाही. त्याचे सगळे सैनिक खुर्चीत आ करून बसलेल्या पेशंटसारखे दिसायचे.

सासरे, त्यांना तो मामा म्हणतो, ते न्हावी. चाळीस वर्षं स्वतःचं दुकान चालवलं. मग हात थरथरायला लागला. औषधं सुरू झाली, तरी एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाच्या गालावर बारीकशी चीर पडली. गिऱ्हाईक हसून म्हणालं, "होतं हो कधी कधी." मामांनी त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

तेव्हा जावयानं कापसात गुंडाळून एक बोराएवढं डोकं त्यांच्यासमोर ठेवलं. "मामा, मला हे येत नाही. बघा ना जरा."

गोळी घेतल्यावर अर्धा तास मामांचा हात जरा शांत असतो. त्या अर्ध्या तासात रोज थोडं, असं करत त्यांनी ते डोकं सतरा दिवसांनी परत दिलं. जावयानं ते भिंगाखाली धरलं. तो सैनिक दोन दिवस झोपलेला नव्हता, आणि हे कळत होतं. त्या दिवसापासून हेल्मेटच्या पट्ट्याच्या वरचा मुलूख मामांचा.

आता या वेळचा देखावा मोठा होता. रविवारी मंडळाचं प्रदर्शन. विमानात दोन सैनिक एकामागे एक उभे. उडी मारायच्या आधी प्रत्येकजण पुढच्याची पाठ तपासतो, छत्रीची दोरी कुठे अडकली नाही ना, पट्टा सुटला नाही ना. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून. मागच्याची मान खाली होती, हेल्मेटखाली डोळे दिसतच नव्हते. सगळी मदार पुढच्यावर.

गुरुवारी संध्याकाळी मामांनी पुढच्याचं डोकं आणून दिलं. जावयानं ते भिंगाखाली धरलं. दोन्ही बुबुळं कडेला सरकलेली. चेहरा समोर, डोळे पार कोपऱ्यात.

हात थरथरला, त्याला वाटलं. बिचारे मामा.

शुक्रवारी सकाळी कामावर जायच्या आधी तो टेबलाशी बसला. उजवा डोळा पात्यानं खरवडला, नव्यानं काढला, अगदी मधोमध. डाव्याला खरवडायलाही वेळ नव्हता. त्यावरून सरळ आपला रंग फिरवला.

बायको चहा घेऊन आली. "बाबांना सांगितलंस?"

"सांगून उगाच त्यांना वाईट वाटायला लावू?"

"म्हणजे नाही सांगितलंस."

"कळणारही नाही गं. केसाएवढा फरक आहे."

बायकोनं कप ठेवला आणि काही न बोलता गेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तिचं गप्प राहणं म्हणजे काय हे त्याला कळायला हवं होतं.

संध्याकाळी मामा आले. बूट काढले, पाणी प्यायले, टेबलापाशी गेले. भिंग घेतलं नाही. नुसतं वाकून बघितलं.

"वा," ते म्हणाले. "आपला हात फारच साफ आहे."

मामा एरवी त्याला जावईबापू म्हणायचे, चिडवत. आज एकदम आपण. जावयाचे कान गरम झाले.

"मामा, ते जरा कडेला गेले होते, म्हणून मी..."

"गेले नव्हते. नेले होते. माझा हात थरथरतो हो, डोकं नाही थरथरत."

मामा खुर्चीवर टेकले.

"वस्तरा कानामागे गेला की गिऱ्हाईक काय करतं माहितीये? मान हलवत नाही. हलवली तर कापेल. पण डोळे आपोआप कोपऱ्यात जातात. दिसत काहीच नाही, तरी जातात. मागे कुणाचा तरी हात आहे आणि आपला जीव त्या हातात आहे. चाळीस वर्षं आरशात तेच बघितलं मी." त्यांनी सैनिकाकडे बोट केलं. बोट हलत होतं. "याच्या पाठीशी दुसरा उभा आहे. हा समोर बघेल कसा?"

देखावा जावयाचा स्वतःचा होता. ठिगळाचा रंग बघायला त्यानं दोनशे फोटो पालथे घातले होते आणि एवढं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मी पुसतो. तुम्ही परत काढा."

"अकरा दिवस लागले त्याला. रविवार परवा आहे." मामा उठले. "आणि यापुढची डोकी तुमची तुम्हीच रंगवा. मी कशाला उगाच लुडबुड करू?"

बूट घालताना त्यांना नाडी बांधता येईना. त्यांची मुलगी खाली बसली आणि तिनं बांधली. जावई जिन्याच्या तोंडाशी उभाच राहिला.

"चीर पडली तरी गिऱ्हाइकानं दोष दिला नव्हता त्यांना," बायको आत येत म्हणाली. "तू दिलास."

मग तो कापसाचा बोळा आणि स्पिरिट घेऊन बसला. त्याचा रंग पाण्यातला, मामांचा तेलातला. डाव्या डोळ्यावरून त्यानं श्वास रोखून बोळा फिरवला. त्याचा रंग सुटला, आणि खालून मामांचा डोळा जसाच्या तसा वर आला, कोपऱ्यात. उजव्याच्या खाली काहीच नव्हतं. तो तर खरवडलेला.

शनिवारी सकाळी तो मामांच्या घरी गेला. पडवीत दुकानातली खुर्ची होती, समोर आरसा. ती तेवढी विकली नव्हती मामांनी. ते तिच्यातच पेपर वाचत बसले होते.

"मामा, एक डोळा वाचला. दुसरा मी मारला. माझी चूक झाली. हात नाही थरथरला माझा, अक्कल थरथरली."

मामांनी पेपरातून मान वर केली नाही, पण पान उलटायचं थांबले.

"शिकवा मला."

"रंगवायला?"

"बघायला."

मामांनी पेपरची घडी घातली. मग उठले. "बसा."

जावई खुर्चीत बसला. मांडीवर सैनिक, हातात तीन केसांचा ब्रश. मामा मागे उभे राहिले आणि त्यांनी आपला अंगठा त्याच्या कानामागे टेकवला. अंगठा थरथरत होता, पाखराच्या छातीसारखा. जावयानं मान हलवली नाही.

"आरशात बघा."

त्यानं बघायला नजर समोर नेली, की डोळे पुन्हा आपले कोपऱ्याकडे ओढ घ्यायचे. त्याला हसू आलं, आणि का कोण जाणे, रडूही. पांढरं किती दिसतं, वरची पापणी कुठे येते, हे तो एकेक चोरून बघत होता आणि एकेक ठिपका टेकवत होता. पाऊण तास गेला. मामांचा अंगठा तिथेच. पाय दुखले असतील, पण हलले नाहीत.

शेवटी त्यांनी सैनिक हातात घेतला. भिंग डोळ्याला लावलं.

"जरा भित्रा झालाय हा."

"पुसू?"

"कशाला? उडी मारायचीय त्याला. राहू दे."

त्यांनी तो परत दिला आणि हात तसाच पुढे धरून ठेवला. जावयाला कळेना.

"नवं डोकं आणलंय की नाही, जावईबापू? का तेही घरी खरवडून ठेवलंय?"

आणलं होतं. विचारायचा धीर होत नव्हता म्हणून खिशातच होतं. त्यानं कापसाची पुडी मामांच्या तळहातावर ठेवली. मामांनी बोटं मिटली, आणि आतून गोळीची बाटली आणायला सांगितली.