ट्रॉलीत सापडलेलं बोट

"काय झालं वं हाताले?"

"काही नाही आई, बसचं दार लागलं." रोहिणीने बाही खाली ओढली आणि तव्यावरची पोळी उलटली.

दार कसं लागतं, हे गयाबाईला कुणी शिकवायला नको होतं. दार लागलं की बोट चेचतं, कोपर खरचटतं. मनगटाच्या वर असा आडवा, काळानिळा वळ उठत नाही. नागपूरच्या दवाखान्यात आया म्हणून तिने उभा जन्म काढला होता. दार लागलेल्या, मोरीत घसरलेल्या बाया तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. आणि दवाखान्यातल्या कशाला, ती स्वतःच किती वेळा मोरीत घसरली होती.

मुलाकडे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला ती उन्हाळ्यापुरती आली होती. राजानंद इथल्या केमिकल कारखान्यात इंजिनिअर, सून रोहिणी तिथेच लॅबमध्ये. आल्या आल्या तिला या घराचं कोण कौतुक वाटलं. मुलगा भांडी घासायचा, सून त्याला नावाने हाक मारायची. आता तेच खटकू लागलं. माणूस एवढा गोड वागतो, तो कशापायी? याचा बाप आत्मारामही चारचौघांत गोडच होता. वस्तीत कुणाचं लग्न असो की मयत, तो सगळ्यांच्या पुढे. हात उचलायचा तो दार लावून. मुलाला मात्र गयाबाईने यातलं काही कळू दिलं नाही. पोराला बाप तरी चांगला असावा, एवढीच तिची हौस होती. त्याच बापाचा फोटो आता इथे बुद्धमूर्तीच्या शेजारी होता आणि राजानंद रोज सकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लावायचा.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातली कुजबुज तिच्या कानावर आली.

"आईंना कळलं तर?" रोहिणी विचारत होती.

"नाही कळत गं. पूर्ण बाह्यांचं घालत जा. शनिवार होऊ दे, मग बघू," राजानंद म्हणाला.

खाण तशी माती. रात्री गयाबाईने ताट अर्ध्यावरच सारलं.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर ती झाडू शोधायला लागली, तर पॅसेजमधल्या कपाटात, कोटांच्या मागे ती काठी सापडली. चांगली कमरेएवढी, खाली पसरट, टोकाला लोखंडी पट्टी. मुठीला कापड घट्ट गुंडाळलेलं, घामाने निसटू नये म्हणून. आत्मारामची काठी साध्या बांबूची होती. हा शिकलेला, याने विकतची आणलेली दिसते!

नेमका त्या दिवशी रस्त्यावर श्पेरम्यूलचा ढीग होता. नको झालेलं मोठं सामान लोक फुटपाथवर ठेवतात आणि गाडी येऊन उचलून नेते, हे राजानंदनेच तिला सांगितलं होतं. गयाबाईने काठी शालीत गुंडाळून खाली नेली, एका मोडक्या पलंगाखाली सारली आणि गाडी येऊन जाईपर्यंत ती बाल्कनीतून हलली नाही.

शनिवारी सकाळी घरात शोधाशोध सुरू झाली.

"राजानंद, हर्ली कुठाय माझी? इथे कोटांच्या मागेच तर होती."

"खाली तळघरात बघितलंस?"

"बघितलं रे. झालं, आता ट्राम चुकणार."

गयाबाई खुर्चीवरून उठली. "काठी मी फेकून देल्ली. गेली कचऱ्याच्या गाडीत. आता कायनं मारशीन तिले?"

"कुणाला?" राजानंदने विचारलं.

"तुह्या बायकोले. मले आंधळी समजतं काय? बाही वर कर वं पोरी. दाखव त्याले."

रोहिणीला हसू फुटणारच होतं, पण सासूचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"आई, तो खेळ आहे," ती जवळ येऊन म्हणाली. "कमोगी म्हणतात. आयर्लंडच्या बायकांचा, हर्लीने, म्हणजे त्या काठीने, चेंडू मारायचा. लॅबमधल्या शिवॉनने मला त्यात ओढलं. युरोपातल्या टीम्सची चॅम्पियनशिप असते, माझा आत्ताशी दुसराच सीझन आहे. खेळताना काठ्या लागतात एकमेकींना. राजानंद म्हणाला, आईला सांगू नको. तिला मारामारी बघवत नाही, सिनेमातसुद्धा तोंड फिरवते."

राजानंद हसला नाही. काठी दिसल्यावर आईला मारच का सुचला, या विचारात तो तिच्याकडे बघत राहिला.

ऱ्हाइनच्या पलीकडच्या मैदानावर पोचेपर्यंत गयाबाईला हे पटलं नव्हतं. सासूला गप्प करायला सुना काहीही सांगतात, तिने स्वतः कमी सांगितलं होतं का? मग तिने त्या बाया पाहिल्या. जाळीची हेल्मेटं, आखूड स्कर्ट, नडग्यांवर वळच वळ. एकीचं मनगट सुजलं होतं आणि ते ती मैत्रिणींना हसून दाखवत होती. बाही कुणीच खाली ओढत नव्हतं.

रोहिणीच्या हातात कुणाकडून तरी मागून घेतलेली काठी होती. ती तिला लांब पडत होती, दरवेळी चेंडू निसटत होता आणि तिची टीम मागे पडत चालली होती. गयाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या हाताला बसलेली काठी आपण घालवली.

राजानंद बाकावर शेजारीच बसला होता. त्याची नजर आईच्या मांडीवरच्या हातावर होती, वाकड्या जुळलेल्या करंगळीवर.

"आई, हे बोट दवाखान्याच्या ट्रॉलीत सापडलं होतं ना?"

'हो' गयाबाईच्या ओठांवर तयार होतं. इतकी वर्षं ते कधी अडलं नव्हतं. आज ते बाहेर येईना. तिने करंगळी पदराखाली घेतली.

"माह्या बोटाकडं काय पायतं?" ती म्हणाली. "तिच्याकडं पाय. पळून राहिली ना."

रोहिणी खरंच पळत होती, चेंडू पहिल्यांदाच तिच्या काठीवर ठरला होता. राजानंदने तिकडे पाहिलं नाही. त्याने पदराखालचा हात ओढून घेतला आणि ते वाकडं बोट आपल्या मुठीत धरून तो बसून राहिला.