डाव्या दाराशी टॉर्च

हेडलाइटचं बटण ओढलं की पेट्रोलचा काटा वर जायचा. टाकीत पेट्रोल असो नाहीतर नसो, काटा आपला भरलेल्या टाकीच्या खुणेवर जाऊन ताठ उभा. त्याच वेळी डॅशबोर्डचे दिवे मलूल व्हायचे आणि समोरचा उजवा हेडलाइट पिवळट पडायचा. निमाई मिस्त्रीने बल्ब बदलले, फ्यूज बदलला, मल्लिकबाजारातून नवी वायर आणून घातली. गाडी ढिम्म.

"मीटर पागल हो गया है, बौदी," तो म्हणाला. बौदी म्हणजे बंगालीत वहिनी.

"बरं," वृंदाताई म्हणाल्या. हल्ली त्या सगळ्यालाच बरं म्हणत.

गाडी विलायती, लाल, उघड्या टपाची, दोनच सीटची. भाजीला गेलं तर पिशवी मांडीवर घेऊन बसावं लागे. वृंदाताईंचे यजमान सुधाकरराव कस्टममध्ये होते. पुण्याहून बदली होऊन खिदिरपूरच्या बंदरावर आले ते तीन वर्षांसाठी. पण बागबाजारातल्या एका जुन्या घराच्या गॅरेजात त्यांनी ही गाडी पाहिली. तिच्या सीटवर तेव्हा मांजर व्यालेली होती. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत हे गृहस्थ थांबले, मग गाडी घरी आणली, आणि नंतर परत जाण्याची प्रत्येक बदली काही ना काही सबबीने टाळत राहिले. पुण्याच्या नातेवाइकांना वाटे, यांना माशांची चटक लागली. चटक कशाची होती ते वृंदाताईंना ठाऊक होतं. दर रविवारी ती खाली गॅरेजात पोट उघडं टाकून उभी असे.

सुधाकरराव उन्हाळ्यात गेले. सकाळचा चहा घेतला, पेपर उघडला आणि गेले. वृंदाताईंनी सगळं रीतसर केलं. आल्यागेल्याला पाणी दिलं, कपडे वाटून टाकले, चष्मा डबीत घालून ठेवला. फक्त रडल्या नाहीत. महाराष्ट्र मंडळातल्या मंगलाताई हात धरून म्हणाल्या, "रड गं एकदा, मोकळी हो." वृंदाताईंनी प्रयत्नही केला. एका संध्याकाळी दार लावून फोटोसमोर बसल्या. बराच वेळ काही होईना, तेव्हा उठून कुकर लावला.

दुःख होत नाही याचंही त्यांना दुःख होत नव्हतं. भीती तेवढी वाटत होती. इतकी वर्षं संसार केला, तो काय नुसता सवयीने? हा प्रश्न त्या कुणाला विचारणार!

मुलगा अजेय बंगळुरूला होता. फ्लॅट सोडायचा आणि आईने तिकडे यायचं, हे त्याने ठरवलं. गाडीसाठी अलीपूरचा एक हौशी माणूसही शोधला. त्याची अट एवढीच, की दोन्ही दिवे आणि डॅशबोर्डवरचे सगळे मीटर चालू हवेत. तो उद्या येणार होता. त्याने नाही नेली, तर गाडी भंगारात जाणार होती, कारण गॅरेज रिकामं करून द्यायचं होतं.

"चालेल ना आई तुला?" अजेयने फोनवर विचारलं होतं.

"बरं," वृंदाताई म्हणाल्या होत्या.

दुपार कलली तसा निमाई वैतागला. ड्रायव्हरच्या बाजूने डॅशबोर्डखाली डोकं घालून तो मोबाइलचा उजेड दातांत धरून काम करत होता. दातांत मोबाइल धरून शिव्याही नीट देता येत नाहीत.

"बौदी, थोडा लाइट पकड़िए ना," तो शेवटी म्हणाला.

वृंदाताई वर गेल्या आणि स्वयंपाकघराच्या खणातला स्टीलचा जुना टॉर्च घेऊन आल्या. गाडीला वळसा घालून त्या डाव्या दाराशी उभ्या राहिल्या आणि टॉर्च लावला. इथे कशाला उभ्या राहिल्या, हे त्यांनी स्वतःला विचारलंही नाही. रविवारी त्या तिथेच उभ्या राहत. सुधाकरराव डाव्या सीटवर उलटे पडत, पाय सीटच्या पाठीवरून वर, डोकं खाली डॅशबोर्डच्या पोटात. तिथून आवाज येई, "डावीकडे. अजून. वर घे. हां, तिथेच." वृंदाताईंनी आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. हात आत आणि लक्ष बाहेर. भिजवलेला साबुदाणा, वाळत घातलेल्या चादरी, समोरच्या बाल्कनीतलं भांडण. उजेड हलला की खालून हाक येई, "वृंदा, अंधारात ठेवतेस मला!"

"बौदी, इधर!" निमाई म्हणाला.

त्यांनी उजेड उजवीकडे नेला. क्षणभराने तो पुन्हा डावीकडे सरकला.

"इधर, इधर!"

"हां, हां," म्हणत त्यांनी पुन्हा नेला. हात पुन्हा आपला जागच्या जागी आला. बैल संध्याकाळी गोठ्याकडे वळावा तसा.

निमाई चिडून काहीतरी बोलणार होता. पण त्याचं लक्ष उजेडाकडे गेलं. हातमोजे ठेवायच्या कप्प्याच्या मागे, वर कोपऱ्यात, तो गोल पडला होता आणि मुळीच हलत नव्हता.

"उधर क्या है?"

"मालूम नहीं," वृंदाताई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

"दादा उधर काम करता था?"

वृंदाताईंनी हाताकडे पाहिलं. "करते होंगे."

निमाई या बाजूला आला. त्याने कप्पा काढला, मागचा पुठ्ठा काढला. गोष्टीत अशा ठिकाणी एखादी चिठ्ठी निघते. इथे निघाला एक स्क्रू, हिरवा पडलेला. समोरच्या उजव्या दिव्याची आणि मीटरची अर्थिंगची वायर सुधाकररावांनी कधीतरी त्या एकाच स्क्रूखाली घेतली होती. दर पावसाळ्यानंतर तो गंजत असणार, आणि दरवेळी ते तो घासत असणार. यंदा कुणी घासला नव्हता.

निमाईने स्क्रू सोडवला. पॉलिशच्या कागदाने खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायर साफ केली, स्क्रू आवळला. मग जाऊन बटण ओढलं.

गॅरेजच्या भिंतीवर दोन दिवे पडले, दोन्ही सारखेच पांढरे. डॅशबोर्ड उजळला. पेट्रोलचा काटा सावकाश खाली आला आणि तळाशी टेकला. टाकीत काही नव्हतंच.

"हो गया!" निमाईने बटण बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. तो लहान मुलासारखा खूश झाला होता. वृंदाताईंना उद्याचा माणूस आठवला. तो येईल, दिवे पाहील आणि गाडी घेऊन जाईल. बरं. त्यांनी वाट पाहिली, पण त्यापुढे आत काही उमटलं नाही.

निमाईने पुठ्ठा बसवला, कप्पा बसवला, हत्यारं पुसून पिशवीत भरली. हात धुऊन आला. वृंदाताई तिथेच उभ्या होत्या. टॉर्च लागलेला, उजेड त्याच कोपऱ्यात.

"बौदी, हो गया. बत्ती बुझाइए."

त्यांनी ऐकलं, पण अंगठा बटणाकडे जाईना. टॉर्च त्यांनी स्वतःहून कधीच बंद केला नव्हता. तो पुरे म्हटल्यावर बंद करायचा असे. काम संपलं की सुधाकरराव धडपडत उठून बसत, केसांत जळमटं, आणि दरवेळी तेच म्हणत, "पुरे. हात दुखला असेल." त्याही दरवेळी म्हणत, "छे, कसला दुखतोय!"

त्या वाट पाहत होत्या. कोपरा उजळलेला होता, सीट रिकामी होती, आणि तिथून कुणी उठून बसत नव्हतं.

निमाई जवळ आला. त्याला वाटलं, वयस्कर बाई आहे, दमली असेल. त्याने हलकेच टॉर्चला हात लावला.

"दीजिए बौदी. हाथ दुखता होगा."

वृंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. खांद्यापासून बोटांपर्यंत हात ठणकत होता. किती वेळ ठणकत होता कोण जाणे.

"दुखतोय," त्या मराठीत म्हणाल्या. "अहो, खूप दुखतोय."

मग त्या दाराला धरून गाडीत बसल्या, त्याच डाव्या, सुधाकररावांच्या पाठीने झिजलेल्या सीटवर, आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. निमाईला शब्द कळले नाहीत. तो पाणी आणायला वर गेला.